अर्धं काम रात्री कुठे ठेवणार?

मागच्या अंकात मी वाचकांकडून घरातल्या कामाच्या खोलीबद्दल प्रश्न मागवले होते. चित्रं, शिवण, वाद्य, माती, काहीही असो, घरात त्याची स्वतंत्र जागा करू पाहणाऱ्यांनी लिहावं, असं म्हटलं होतं. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देते.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. लोकांच्या घरांची आतली रचना करून देणं हा माझा व्यवसाय, आणि घराच्या मागच्या खोलीत मी लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर, ठसे कोरून छापते. तेलाच्या शाईने छापलेला कागद वाळायला काही दिवस घेतो. तेवढे दिवस खोलीत आडव्या दोऱ्यांवर कागद चिमट्यांनी लटकलेले असतात आणि घरातलं कुणी त्यांना हात लावत नाही. म्हणून कुणाचीही खोली आखायला घेतली की मी पहिला प्रश्न हाच विचारते: अर्धवट राहिलेलं काम रात्री कुठे असणार? पत्रांमध्ये टेबलाचं लाकूड, भिंतीचा रंग, सुताराचा खर्च हे सगळं होतं. हा प्रश्न मात्र एकाही पत्रात नव्हता. जेवणाच्या टेबलावर चित्र काढणाऱ्या बाईला रोज संध्याकाळी पानं घ्यायच्या आधी सगळं उचलावं लागतं. महिनाभराने ती उचलण्याला कंटाळते आणि चित्रही थांबतं. तिची हौस कमी पडलेली नसते, तिला जागा कमी पडलेली असते.

ताई, सप्रेम नमस्कार. मी शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. जलरंगात बरीच वर्षं काम केलं, सध्या तैलरंग शिकते आहे. मुलगा नोकरीला पुण्यात असल्यामुळे त्याची १० × १२ फुटांची खोली रिकामी असते. तिला उत्तरेला मोठी खिडकी आहे आणि पश्चिमेला लहान. यजमान म्हणतात, गच्चीवर पत्र्याची खोली काढू, म्हणजे कुणाची अडचण नको. चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो असं वाचलं आहे. कोणती जागा घेऊ? मुलगा दिवाळीला आला की त्याला खोली लागतेच. — एक वाचक, शाहूपुरी, सातारा

मुलाची खोली घ्या. गच्चीवरच्या पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये दुपारी बसवत नाही आणि साताऱ्याच्या जुलैमध्ये पत्र्यावरचा पाऊस डोकं उठवतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथल्या दमटपणात तुमचे कागद टिकणार नाहीत. पफ पॅनलचं (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) छत घातलं तर उष्णता आणि आवाज बराच कमी होतो, पण त्या खर्चात खालची खोली उत्तम होईल आणि वर पैसे उरतील. शिवाय जिना चढून जायचं म्हटलं की दहा मिनिटांसाठी कुणी जात नाही. आणि चित्राला अशी दहा-दहा मिनिटंच फार लागतात. चहा टाकता टाकता जाऊन एक कडा मऊ करून यावी, एवढ्या अंतरावर चित्र असलं पाहिजे.

आता उत्तरेच्या उजेडाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. तो युरोपातून आला आहे. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून दिवसाचा बहुतेक वेळ एकसारखा, सावल्या न हलवणारा उजेड मिळतो. सातारा साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो. आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतोच पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला. जूनमध्ये तर जवळपास २५ अंश उत्तरेला. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी तुमच्या उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत येणारच. पावसाळ्यात ढग असतात म्हणून ते जाणवत नाही, पण एप्रिल-मेमध्ये नेमकं कॅनव्हासवर येऊन बसेल.

यावर उपाय स्वस्त आहे. दुपारचं ऊन जवळजवळ उभं पडतं, त्यामुळे त्याला दीड फुटाचा साधा छज्जा पुरतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला मात्र छज्जा अडवत नाही, त्यासाठी खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या लागतात. फॅब्रिकेटरकडून लोखंडी चौकटीत सिमेंट शीटच्या दीड-दीड फुटाच्या पट्ट्या बसवून घ्या. तेही जमत नसेल तर पातळ पांढऱ्या मांजरपाटाचा पडदा लावा; ऊन गाळलं जातं आणि उजेडाचा रंग बदलत नाही. रंगीत पडदा अजिबात नको, त्याचा रंग चित्रावर चढतो. पश्चिमेची लहान खिडकी जाड कापडाने झाका, पण कायमची बंद करू नका. वाऱ्यासाठी ती हवी आहे, का ते पुढे सांगते.

खिडकीच्या काचेला खालून निम्म्या उंचीपर्यंत ट्रेसिंग पेपर चिकटवा. उजेड वरच्या अर्ध्या भागातून, तिरपा खाली यायला हवा. ओल्या तैलरंगाला चकाकी असते, समोरून उजेड आला की निम्मं चित्र नुसतं चमकतं आणि दिसत नाही. हे डोळ्यांनी समजून घ्यायचं असेल तर एक दिवस औंधला जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथे रविवर्म्यांच्या तैलचित्रासमोर उभ्या राहा आणि एकेक पाऊल बाजूला सरका. चकाकी कुठल्या जागी येते आणि कुठे नाहीशी होते, ते एका फेरीत कळेल. घरी आल्यावर ईझेल कुठे उभं करायचं हे मला विचारावं लागणार नाही. तुम्ही उजव्या हाताने काम करत असाल तर खिडकी डावीकडे ठेवा, म्हणजे स्वतःच्या हाताची सावली रंगावर पडत नाही.

भिंती पांढऱ्या ठेवा, जमल्यास त्यात किंचित राखाडी मिसळून. मुलाच्या खोलीला निळा किंवा पिवळा रंग असेल तर तो आधी बदला. रात्रीसाठी दिव्यांच्या दुकानात वॅटबरोबर सीआरआय किती हे विचारा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं ते माप आहे, १०० हे पूर्ण. तुम्हाला ९०च्या वरचा दिवा हवा. साध्या एलईडी ट्यूबचा सीआरआय बहुधा ८०च्या आसपास असतो. त्या उजेडात लावलेला लाल सकाळी वेगळाच निघतो. सगळे दिवे एकाच छटेचे घ्या, ५००० केल्विनच्या आसपासचे.

आता अर्धं काम. तैलरंगाचा थर हाताला सुकायला दिवस जातात, जाड असेल तर आठवडे. म्हणजे एका वेळी तुमच्याकडे तीन-चार ओले कॅनव्हास असणार. कपाट घ्यायच्या आधी भिंतीला उभे खण करून घ्या: दोन फूट खोल आणि दर चार इंचांवर एक उभी पट्टी, म्हणजे ओली चित्रं एकमेकांना न टेकता उभी राहतील. जलरंगाच्या कागदासाठी सपाट खण हवेत. पूर्ण आकाराचा कागद २२ × ३० इंचांचा असतो, म्हणून खणाचं आतलं माप २४ × ३२ सांगा. सुतार आपल्या सवयीने १८ इंची खण करतो आणि मग चांगला कागद गुंडाळून ठेवावा लागतो. प्लाय पाण्याला टिकणारी, ७१० नंबरची घ्या आणि कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा. साताऱ्याच्या पावसाळ्यात भिंत आतून थंड आणि ओलसर राहते. कागदावरच्या सरसाला बुरशी लागली की पिवळट ठिपके पडतात आणि त्या जागी रंग शोषला जातो. तो कागद मग कामाचा राहत नाही. जूनच्या आधी कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करा.

एक गोष्ट जिवाची आहे, ती नीट वाचा. तैलरंगात जवसाचं तेल असतं. ते वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि त्यातून उष्णता निघते. तेल-रंग पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा प्लास्टिकच्या डब्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. काम संपलं की फडकी गॅलरीत दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइनचा वास कोंडू नये म्हणून पश्चिमेच्या खिडकीच्या वरच्या भागात लहान एक्झॉस्ट फॅन बसवा. उत्तरेकडून हवा आत येईल, पश्चिमेकडून बाहेर जाईल. रात्री त्या खोलीत कुणी झोपू नये.

म्हणजे दिवाळीचा प्रश्न आलाच. मुलाला आधी फोन करा आणि खोली घेते आहे असं स्पष्ट सांगा. त्याच्या शाळेच्या ढाली आणि पुस्तकं त्याच्यासमोर, तो आलेला असताना बांधून ठेवा. पलंग मात्र खोलीतून बाहेर काढा. ‘पाहुणे आले तर असू दे’ म्हणून पलंग ठेवला की ती खोली पाहुण्यांचीच राहते, आणि प्रत्येक वेळी ओली चित्रं उचलून गॅलरीत जातात. मुलासाठी हॉलमध्ये चांगली जाड गादी करून घ्या. आईने चित्रासाठी खोली घेतली याचं वाईट वाटणारी मुलं मला तरी अजून भेटलेली नाहीत.

नमस्कार. आमचं गावभागात जुनं घर आहे. मी सतार शिकतो आणि पत्नी कथांचं अभिवाचन रेकॉर्ड करते. तळमजल्यावरची १० × १४ची खोली दोघांसाठी करायची आहे. माडीवर मुलींच्या अभ्यासाची खोली आहे, ती घेणार नाही. बाहेर रस्त्याचा आवाज आहे. ओळखीच्या एकांनी भिंतीला अंड्यांचे ट्रे लावायला सांगितलं आहे, दुसऱ्यांनी फोम चिकटवायला. २०१९ला खोलीत छातीपर्यंत पाणी होतं. — एक वाचक, गावभाग, सांगली

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पहिलं धरते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ आणि २०२१ही तुम्ही पाहिलं आहे. म्हणून गावभागातल्या तळमजल्याला माझा एकच नियम आहे: खोलीतलं सगळं सामान दोन माणसांना दोन तासांत माडीवर नेता आलं पाहिजे. जे नेता येत नाही, ते तिथे करायचंच नाही. नदी रातोरात अचानक घरात येत नाही. कोयनेतून सोडलेल्या विसर्गाचे आकडे येतात, पुलाजवळची पातळी दर तासाला कळते. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे जायला लागलं की सतार वर, रेकॉर्डिंगचं मशीन वर, माइक वर. मुलींना सांगून त्यांच्या खोलीतला एक कोपरा जून ते सप्टेंबर त्यासाठी मोकळा ठेवा. जिन्याची रुंदी आजच मोजा. सतारीची पेटी वळणावर अडते की नाही, हे कोरड्या दिवसात बघून ठेवायचं असतं.

या नियमामुळे फोम बाद होतो. चिकटवलेला फोम पुराचं पाणी पितो आणि नंतर भिंतीवरच कुजतो. अंड्यांच्या ट्रेने रस्त्याचा आवाज थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फट बुजलेली लागते. ट्रेला दोन्ही नाही. तुमच्या जुन्या भिंती चांगल्या जाड असणार, त्यांतून फारसं काही येत नाही. आवाज येतो दाराखालच्या बोटभर फटीतून आणि खिडकीच्या न बसणाऱ्या झडपांमधून. दाराच्या चौकटीला रबरी पट्टी लावा, खाली उंबऱ्याशी टेकणारी पट्टी बसवा, आणि खिडकीला आतून जाड प्लायचं काढता येणारं झापड करा, कडेला रबर लावून. रेकॉर्डिंगपुरतं लावायचं, मग काढून ठेवायचं.

घुमण्याचा त्रास वेगळा. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागे तर्र असा थरथरता आवाज आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती तो एकमेकींकडे फेकत आहेत. इथे मी तुम्हाला माणदेशी घोंगडी सांगेन. मेंढीच्या लोकरीची जाड, खरखरीत, खरी घोंगडी. दोन लांबलचक भिंतींपैकी एकीवर, भिंतीपासून तीन-चार इंच पुढे, आडव्या दांडीवर ती लटकवा. भिंतीला चिकटून लावण्यापेक्षा मागे हवा ठेवली की ती खालचे, भरीव स्वरही जास्त शोषते. फरशीवर सतरंजी घाला. चारही भिंती मात्र झाकू नका. अभिवाचनाला कोरडी खोली चालते, पण सतारीच्या तरफांना, म्हणजे मुख्य तारांखाली झंकारणाऱ्या तारांना, थोडी उघडी भिंत लागते, नाहीतर रियाज मेल्यासारखा वाटतो. म्हणून घोंगड्यांना कड्या लावा, वाचनाच्या वेळी पसरायच्या, सतारीच्या वेळी एका बाजूला सारायच्या. पाणी यायला लागलं की त्याच कड्या सोडवून घडी घालून वर न्यायच्या.

वीज वरून खाली आणा. तळमजल्याचा एमसीबी स्वतंत्र हवा, म्हणजे खालचा पुरवठा बंद करून वरचा चालू ठेवता येईल. प्लग खांद्याच्या उंचीवर घ्या. २०१९च्या पाण्याने ते वाचणार नाहीत, पण लहान पुरात वाचतील. भिंतीला पीओपी नको. फर्निचरही नको: एक चौरंग, घडीचं टेबल, दोन खुर्च्या.

सतार ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नका; भोपळा आणि लाकूड दोन्ही दमटपणाने हलतात आणि जव्हारी, म्हणजे घोडीवरून येणारी तारांची झणकार, बिघडते. बाकीचं मिरजेला सतारमेकर गल्लीत जाऊन विचारा. पावसाळ्यात वाद्य कसं ठेवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणाऱ्यांना माझ्यापेक्षा पक्कं माहीत आहे, आणि ते तुमच्यापासून काही किलोमीटरवर आहेत.

तुमचं अर्धं काम म्हणजे मांडलेली बैठक. वहिनींचा माइक स्टँडवर, ठरलेल्या उंचीला, तोंडापासून ठरलेल्या अंतरावर तसाच राहू द्या आणि फरशीवर स्टँडच्या पायांभोवती खडूने खूण करा. कथेचं पहिलं प्रकरण सोमवारी आणि दुसरं शनिवारी वाचलं तरी आवाज एकाच माणसाचा, एकाच खोलीतला वाटला पाहिजे. पंखा बंद करून, पहाटे वाचलं तर रस्ताही साथ देईल.

वास्तुशास्त्राप्रमाणे कलेची खोली ईशान्येलाच हवी का? आमची रिकामी खोली नैर्ऋत्येला आहे आणि घरात यावरून वाद चालू आहे. — एक वाचक, इस्लामपूर

घरातल्या मोठ्यांची श्रद्धा असेल तर तिचा मान ठेवा. देवाची जागा, पाण्याची जागा त्यांच्या मनासारखी होऊ द्या. खोलीपुरतं मी उन्हाचं सांगते. नैर्ऋत्येची खोली दुपारनंतर तापते आणि संध्याकाळी उन्हाने भरते. सकाळी काम करणार असाल तर ती उत्तम आहे. संध्याकाळी करणार असाल तर पश्चिमेला बाहेरून बांबूची चटई किंवा वेल हवा. पडदा आतून लावून उपयोग होत नाही, तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं.

ताई, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. तासगावात भाड्याच्या वन बीएचकेमध्ये आम्ही चौघं राहतो: मी, नवरा, दोन वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मी गोधड्या शिवते, ऑर्डरी येतात. मशीन हॉलमध्ये आहे. सासूबाईंना पसारा आवडत नाही आणि मुलीच्या हाताला सुया लागायची भीती वाटते. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही. वेगळी खोली कधीच होणार नाही. मी काय करू? — एक वाचक, तासगाव

अगं, वेगळी खोली नसली तरी चार फूट भिंत आहे ना, तेवढ्यात काम होतं. जमिनीवर उभं राहणारं लोखंडी कपाट घे, चार फूट रुंद, सहा फूट उंच, कुलूप असलेलं. खिळा लागत नाही आणि घर बदललं तर बरोबर जातं. त्याच्या एका दाराऐवजी खाली पडणारी फळी बसवून दे, असं फॅब्रिकेटरला सांग: बिजागरी खाली, दोन साखळ्या वर. फळी उघडली की जमिनीपासून २९ इंचांवर मशीन, बंद केली की मशीन कुलपात. कापड बेतायला मात्र ही उंची कमी पडते. वाकून बेततेस, म्हणून पाठ दुखते. उभं राहून बेतायला ३६ इंच लागतात. तुझा ओटा साधारण तेवढाच असेल. दुपारी तो रिकामा असतो तेव्हा त्यावर स्वच्छ प्लाय टाकून बेत.

गोधडीचं अर्धं काम सांभाळणं सगळ्यांत अवघड. पाच बाय सात फुटांचं काम रोज घडी घातलं तर थर सरकतात आणि टाक्यांना चुण्या पडतात. दोन इंची पीव्हीसी पाइपचे साडेपाच फुटांचे दोन तुकडे आण. गोधडीची एक कड एका पाइपला आणि दुसरी कड दुसऱ्याला कच्च्या टाक्यांनी अडकव, आणि शिवून झालेला भाग एकीकडे, राहिलेला दुसरीकडे असा गुंडाळत जा. रात्री दोन्ही गुंडाळ्या एकत्र बांधून कपाटाच्या माथ्यावर आडव्या ठेव. सकाळी उलगडलीस की टाका जिथे सोडला तिथेच असतो.

सुयांसाठी भिंगाएवढं चुंबक घे, कपाटाच्या आतल्या बाजूला वरच्या खणात चिकटव. शिवून उठताना ते जमिनीवरून फिरवायचं, मग कुलूप. काम करताना सुया मोजून घे आणि मोजून ठेव. इस्त्रीचा प्लग १६ अँपिअरचा असू दे. मल्टिप्लगवर मशीन, दिवा आणि इस्त्री एकत्र नको.

सासूबाईंबद्दल. त्यांची भीती खरी आहे, सुई दोन वर्षांच्या मुलीच्या पायात जाऊ शकते. कपाट घेण्याआधी त्यांना ही योजना दाखव आणि कपाट कुठल्या भिंतीला ठेवायचं ते त्यांना ठरवू दे. त्यांच्या पिढीत बहुतेक बायकांनी हाताने गोधड्या शिवल्या आहेत. त्यांना धावदोऱ्याच्या ओळी येत असतील तर कड शिवायला विचार. नाही म्हणाल्या तर आग्रह करू नकोस.

कराडला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे आणि वरची गच्ची आमच्याच मालकीची. तिथे शेड करून कुंभारकामाचं चाक आणि विजेची भट्टी ठेवायची आहे. काय बघावं? — एक वाचक, कराड

सर्वांत आधी स्लॅब. माती २५ किलोच्या पोत्यांनी येते, त्यात पाणी, भट्टीच्या विटा, फळ्यांवरची भांडी. हे सगळं स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता तुळयांवर, कडेच्या भिंतींजवळ आलं पाहिजे. इमारतीच्या इंजिनिअरला नकाशा दाखवून लेखी घ्या. सोसायटी असेल तर तिचीही परवानगी घ्या.

चाक घरच्या प्लगवर चालतं, त्याची मोटार लहान असते. भट्टी मात्र बहुधा चालणार नाही. वायरमनला भट्टीचे किलोवॅट सांगा आणि मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा. बऱ्याच भट्ट्यांना थ्री-फेज लागतो आणि स्वतंत्र जाड केबल टाकावी लागते. भट्टी भिंतीपासून दीड फूट लांब, खाली विटांचा थर, वर फक्त पत्रा, पेटणारं काहीही नाही. मला विचाराल तर पहिलं वर्ष भट्टी घेऊच नका. साध्या मातीची भांडी एखाद्या कुंभाराच्या आव्यात, रीतसर पैसे देऊन, भाजून मिळू शकतात. त्यातून तुम्हाला भट्टी किती मोठी हवी ते कळेल. काचेरी लुकण, म्हणजे भांड्यावरचा चकचकीत थर, चढवायची वेळ आली की ते तापमान आव्यात मिळत नाही, तेव्हा भट्टी घ्या.

हात धुतलेलं पाणी गच्चीच्या नळीत एकदाही सोडायचं नाही. माती तळाशी बसून खालच्या तीन मजल्यांची नळी तुंबते. दोन बादल्या ठेवा. पहिलीत हात धुवायचे, रात्रभर गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी दुसरीत ओतायचं, पुन्हा बसू द्यायचं, मग ते झाडांना. खालचा गाळ वाळवून परत मळता येतो. आणि सुकलेली माती झाडूने कधीच झाडू नका. तिच्यातली सिलिकाची बारीक धूळ हवेत तरंगते आणि फुप्फुसात जाऊन बसते, ती बाहेर निघत नाही. ओल्या फडक्यानेच पुसायचं, रोज.

तुमचं अर्धं काम म्हणजे अजून कडक न झालेली भांडी. गच्चीवर वारा एका बाजूने लागतो, भांडं त्या बाजूने आधी वाळतं आणि तडकतं. शेडच्या ज्या भिंतीला वारा लागत नाही तिथे दाराचं लाकडी कपाट करा, आत फळीवर ओलं गोणपाट अंथरा, भांड्यांवर पातळ प्लास्टिक घाला. चार-पाच दिवस भांडी तिथे सावकाश वाळू द्या. दर संध्याकाळी गोणपाटावर पाणी शिंपडायचं, आणि तळ कोरायचा दिवस ठरवला की आदल्या रात्री प्लास्टिक अर्धं उघडून ठेवायचं.